शरीरात बसवलेली उपकरणं आणि बुरशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रुग्णालयाच्या मायक्रोबायॉलॉजी प्रयोगशाळेत डॉक्टर आहे. रुग्ण मला क्वचितच भेटतात. भेटतात त्या त्यांच्या बाटल्या आणि नळ्या, आणि मग संध्याकाळी नातेवाइकांनी फोनवर पाठवलेले रिपोर्टचे फोटो. खाली एकच ओळ असते : "मॅडम, हे काय आहे?" तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. डोसचे आकडे समजण्यापुरते आहेत, स्वतः घ्यायला नाहीत.

१. बुरशी म्हणजे गजकर्ण, नायटा एवढंच माहीत होतं. ती आईच्या मानेतल्या नळीला कशी लागली?

गजकर्णाची बुरशी वेगळी. ती कातडी, केस आणि नखं यांच्या पलीकडे सहसा जात नाही. उपकरणांवर बसते ती बहुतेक वेळा कॅन्डिडा, म्हणजे एक प्रकारचं यीस्ट. ती आपल्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात एरवीही असते आणि निमूट असते. खूप दिवस अँटिबायोटिक्स चालली की आतड्यातले तिचे शेजारी मरतात आणि तिला जागा मिळते. त्यात पोटाची शस्त्रक्रिया झालेली असेल, नसेतून पोषण चालू असेल, साखर वाढलेली असेल, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू असेल तर ती रक्तात उतरते. रक्तात उतरल्यावर तिला बसायला एखादी नळी मिळाली की झालं.

दुसरा रस्ता बाहेरचा. कॅन्डिडा पॅराप्सिलोसिस नावाची जात कर्मचाऱ्यांच्या हातांवरून थेट नळीच्या तोंडाशी पोहोचते. नवजात बाळांच्या आयसीयूत हात धुण्याचा एवढा धोशा लावतात, त्याला हेही एक कारण आहे.

२. पण प्लॅस्टिकवर, धातूवर ती जगते कशी? आणि औषधाने मरत का नाही?

नळी शरीरात गेली की थोड्याच वेळात रक्तातली प्रथिनं तिच्यावर पातळ लेप धरतात. यीस्टच्या पेशी त्या लेपाला चिकटतात, वाढतात, काही जाती धागे काढतात आणि सगळ्यांभोवती चिकट गिलावा तयार होतो. याला बायोफिल्म म्हणतात. माठ आठ दिवस आतून घासला नाही तर हाताला जे बुळबुळीत लागतं, ते याच जातीचं. वरून कितीही पाणी ओता, ते निघत नाही.

या गिलाव्यात फ्लुकोनाझोलसारखं औषध अडकून पडतं. खालच्या थरातल्या पेशी सुस्त असतात, त्यांच्यावर औषधाचा जोर चालत नाही. शिवाय प्लॅस्टिकला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे शरीराच्या पांढऱ्या पेशीही तिथे तोकड्या पडतात. आम्ही प्रयोगशाळेत औषधाची चाचणी मोकळ्या, सुट्या पेशींवर करतो. म्हणून रिपोर्टवर "सेन्सिटिव्ह" लिहिलेलं औषध नळीवरच्या बुरशीपुढे हरू शकतं. "रिपोर्ट चुकला का?" असं लोक विचारतात. चुकलेला नसतो, तो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर असतो.

३. कोणकोणत्या उपकरणांना हे होऊ शकतं?

सगळ्यात जास्त मानेतली, छातीतली किंवा दंडातली सेंट्रल लाइन (मोठ्या नसेत घातलेली नळी), केमोपोर्ट (केमोथेरपीसाठी कातडीखाली बसवलेली डबी) आणि डायलिसिसची नळी. लघवीच्या नळीवर यीस्ट अगदी सर्रास दिसतं, पण त्याचा अर्थ वेगळा (प्र. ६). कृत्रिम झडप, पेसमेकर, बदललेला गुडघा किंवा खुबा, मेंदूतलं पाणी पोटात उतरवणारा शंट, मूत्रपिंडातला डीजे स्टेंट यांना क्वचित होतं, पण झालं तर प्रकरण अवघड. झडपेच्या आतल्या संसर्गांत बुरशीचा वाटा शंभरात एक-दोन, बदललेल्या सांध्यांच्या संसर्गांतही शंभरात एखादा. दातांची कवळी शरीरात बसवलेली नसते, तरी तिच्याखाली लाल झालेली टाळू हा याच बायोफिल्मचा घरगुती अवतार आहे. रात्री कवळी काढून, घासून ठेवायला सांगतात ते त्यासाठी.

४. ही कोविडनंतरची काळी बुरशी आहे का?

नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्राने जी पाहिली ती म्युकरमायकोसिस. ती हवेतल्या बीजाणूंमधून नाकात शिरते आणि सायनस, डोळा, मेंदू अशी पसरते. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड हे तिचं खतपाणी. कॅन्डिडाशी तिचं नातं नाही. गोंधळ होतो कारण दोन्हीकडे अँफोटेरिसिन या औषधाचं नाव ऐकू येतं (प्र. १३).

५. रक्ताच्या कल्चरचा पूर्ण रिपोर्ट यायला चार-पाच दिवस का लागतात?

कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघणं. रक्ताची बाटली मशीनमध्ये ठेवली की बुरशी वाढेपर्यंत थांबण्याशिवाय इलाज नसतो. कॅन्डिडाला बहुधा दोन-तीन दिवस लागतात. मशीन वाजलं की आम्ही एक थेंब काचपट्टीवर घेऊन रंगवतो. जांभळ्या, लांबट गोल पेशी दिसतात आणि प्रत्येकीला चिकटलेली एक छोटी पेशी, कडेवर घेतलेल्या पोरासारखी. हे दिसलं की त्याच क्षणी वॉर्डला फोन जातो. कागद नंतर येतो, पण उपचार या फोनवर सुरू होतात.

मग थेंब जंतू वाढवायच्या प्लेटवर पसरवतो. दुसऱ्या दिवशी सायीच्या रंगाचे ठिपके येतात. झाकण उचललं की आंबलेल्या इडलीच्या पिठासारखा वास येतो. रंगीत माध्यमावर कॅन्डिडाच्या जाती वेगळ्या दिसतात : अल्बिकन्स हिरवी, ट्रॉपिकॅलिस निळी, क्रुसाय गुलाबी. जात कळणं महत्त्वाचं, कारण क्रुसायवर फ्लुकोनाझोल मुळातच चालत नाही. त्यानंतर औषधांची चाचणी, म्हणजे आणखी एक-दोन दिवस.

६. बाबांना लघवीची नळी आहे. रिपोर्टमध्ये "बडिंग यीस्ट सेल्स" आलंय. ताप नाही, त्रास नाही. गोळ्या सुरू करायच्या का?

मला सर्वात जास्त आलेला प्रश्न हा. उत्तर बहुतेक वेळा "नको" असं आहे. नळी काही दिवस राहिली की तिच्यावर यीस्ट बसतं आणि लघवीत दिसतं. त्रास नसेल तर पहिला उपाय म्हणजे नळीची खरंच गरज आहे का हे विचारणं. गरज नसेल तर काढणं, असेल तर बदलून नव्या नळीतून नमुना देणं. जुन्या पिशवीतली लघवी बाटलीत ओतून पाठवू नका, त्या रिपोर्टला अर्थ नसतो.

अपवाद आहेत. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी फार कमी असतील, अगदी कमी वजनाचं नवजात बाळ असेल किंवा मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हायची असेल तर त्रास नसतानाही औषध देतात. आणि ताप, कंबरेत दुखणं, लघवी तुंबणं असेल तर सोनोग्राफी लागते. कधी कधी मूत्रपिंडात बुरशीचा गोळाच झालेला असतो आणि तो स्टेंटचा रस्ता अडवतो.

७. रक्तात कॅन्डिडा निघाली. डॉक्टर म्हणतात सेंट्रल लाइन काढावी लागेल. नुसत्या इंजेक्शनने नाही का बरं होणार?

रक्ताच्या कल्चरमध्ये आलेली कॅन्डिडा "बाहेरून चुकून आली असेल" असं आम्ही कधीही म्हणत नाही. काही जिवाणूंच्या बाबतीत तसं म्हणता येतं, हिच्या बाबतीत नाही. एका बाटलीत आली तरी उपचार करायचे.

लाइन हीच उगम असण्याची शक्यता असेल आणि ती सुरक्षितपणे काढता येत असेल, तर लवकरात लवकर काढतात. कारण प्र. २ मध्ये आहे : गिलावा जागेवर असेपर्यंत तिथून बुरशी रक्तात सुटत राहते. नातेवाइकांना वाटतं, एवढ्या कष्टाने सापडलेली नस सोडून द्यायची? वाटणं साहजिक आहे. पण सुरुवातीलाच विचारायचा प्रश्न हा : "लाइन आज काढता येईल का, आणि नसेल तर का नाही?" केमोथेरपीच्या रुग्णात कधी कधी बुरशी आतड्यातून आलेली असते. तिथे डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात.

औषध म्हणून सुरुवात सहसा कॅस्पोफंगिन, मायकाफंगिन किंवा अ‍ॅनिडुलाफंगिन यांपैकी एकाने होते. ती बायोफिल्मवरही बऱ्यापैकी चालतात. तिन्ही फक्त नसेतून द्यावी लागतात.

८. लाइन काढली, ताप गेला. तरी औषध चालूच आहे, आणि आता डोळ्यांचे डॉक्टर कशाला?

औषधाचे चौदा दिवस मोजतात ते रक्ताचं कल्चर पहिल्यांदा निगेटिव्ह आलं त्या तारखेपासून, इंजेक्शन सुरू झालं त्या तारखेपासून नाही. म्हणून रोज किंवा एक दिवसाआड पुन्हा रक्त घेतात. "किती वेळा रक्त काढणार?" म्हणून नर्सवर चिडू नका, तारीख त्यातूनच ठरते. प्रकृती स्थिर असेल आणि जात फ्लुकोनाझोलला दाद देणारी असेल तर पुढचे दिवस गोळीवर काढता येतात.

डोळ्यांचं कारण असं की रक्तातली कॅन्डिडा पडद्यावर जाऊन बसते आणि रुग्ण शुद्धीत नसेल तर अंधुक दिसतंय हे सांगणार कोण? म्हणून पहिल्या आठवड्यात बाहुली मोठी करून तपासतात. प्र. ७ मधली कॅस्पोफंगिनसारखी औषधं डोळ्यात, मेंदूतल्या पाण्यात आणि लघवीत नीट पोहोचत नाहीत, त्यामुळे डोळ्यात काही निघालं तर औषध बदलतं.

९. डायलिसिससाठी दुसरी नसच शिल्लक नाही. नळी कशी काढणार?

खरी अडचण आहे ही, आणि तिचं एकच उत्तर नाही. जमत असेल तर दोन डायलिसिसच्या मधल्या काळात जुनी नळी काढतात आणि पुढच्या डायलिसिसला दुसऱ्या जागी तात्पुरती घालतात. रक्त साफ झाल्यावर पुन्हा कायमची. काहींना त्याच जागी तारेवरून नळी बदलून द्यावी लागते. हा दुय्यम पर्याय आहे, पण पर्याय आहे.

हातातला फिस्टुला म्हणजे शस्त्रक्रियेने धमनीला जोडलेली आपलीच नस, त्यामुळे तिला हा धोका फार कमी. तो तयार व्हायला आठवडे-महिने लागतात, म्हणून मूत्रपिंडाचे डॉक्टर फिस्टुलाचा विषय काढतील तेव्हा "बघू पुढच्या महिन्यात" म्हणू नका.

१०. आम्ही घरी पोटाचं डायलिसिस करतो. पाणी गढूळ आलं आणि रिपोर्टमध्ये बुरशी निघाली.

पोटाची नळी वाचवण्याचा प्रयत्न इथे करत नाहीत. बुरशी दिसताच नळी काढायची, औषध चालू ठेवायचं आणि तोवर रक्ताचं डायलिसिस करायचं. उशीर झाला तर पोटाच्या आतल्या पडद्याला कायमची इजा होते, जीवही जाऊ शकतो. आणखी एक : अशा रुग्णाला कुठल्याही कारणाने, अगदी दातासाठीही, अँटिबायोटिक्सचा कोर्स द्यायची वेळ आली तर आपल्या मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना कळवा. त्या काळात बुरशी टाळण्यासाठी निस्टॅटिन किंवा फ्लुकोनाझोल देतात.

११. झडप बदलून सात महिने झाले. बारीक ताप, कल्चर तीनदा निगेटिव्ह. तरी बुरशी असू शकते?

असू शकते. खोल बसलेल्या कॅन्डिडातही रक्ताचं कल्चर साधारण निम्म्याच वेळा पॉझिटिव्ह येतं. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी झडपेवर असेल तर कल्चर जवळपास कधीच पॉझिटिव्ह येत नाही. म्हणून अन्ननलिकेतून केलेला टू-डी एको महत्त्वाचा ठरतो. बीटा-डी-ग्लुकान नावाची रक्तचाचणी मदत करते, पण काही प्रकारच्या डायलिसिसनंतर, इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर किंवा शस्त्रक्रियेत गॉज वापरल्यावर ती खोटी पॉझिटिव्ह येते.

एक खूण लक्षात ठेवा. झडपेवरचे बुरशीचे गोळे मोठे असतात आणि तुटून मोठ्या धमनीत अडकतात. पाय अचानक गार, पांढरा पडतो आणि असह्य दुखतो. तसं झालं तर तडक रुग्णालय गाठायचं. शस्त्रक्रियेत काढलेली ती गुठळी हा कधी कधी निदानाचा एकमेव पुरावा असतो. ती अख्खी फॉर्मॅलिनमध्ये बुडवून आली की आम्ही हात चोळत बसतो, कारण फॉर्मॅलिनमधलं काही प्लेटवर वाढत नाही. हे माझ्या टेबलावर एकापेक्षा जास्त वेळा घडलंय. अर्धी फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला आणि अर्धी निर्जंतुक सलाइनमध्ये आमच्याकडे, एवढंच मागणं असतं.

उपचारात बहुतेक वेळा झडप पुन्हा बदलावी लागते आणि नंतर निदान सहा आठवडे औषध.

१२. पेसमेकर किंवा गुडघ्याचं काय? तेही काढायचं?

पेसमेकरमध्ये खिशातला डबा आणि हृदयात गेलेल्या तारा, दोन्ही काढतात. संसर्ग खिशापुरता असेल तर त्यानंतर चार आठवडे, तारेपर्यंत असेल तर सहा आठवडे औषध. गुडघा किंवा खुब्यात सांधा काढून मध्ये तात्पुरता सिमेंटचा तुकडा बसवतात, निदान सहा आठवडे औषध देतात आणि सगळं शांत झाल्यावर नवा सांधा. सांध्यातलं पाणी पाठवताना चिठ्ठीवर "फंगल कल्चर" असं वेगळं लिहिलेलं असू द्या, नाहीतर प्लेट काही दिवसांत टाकून दिली जाते. हळू वाढणाऱ्या बुरशीला आठवडे लागतात.

१३. अँफोटेरिसिनची चिठ्ठी दिलीय. मेडिकलवाला विचारतो, "लायपोसोमल की साधं?" फरक काय?

फरक जिवावर बेतेल एवढा आहे, त्यामुळे अंदाजाने आणू नका. लायपोसोमल म्हणजे चरबीच्या सूक्ष्म आवरणात भरलेलं औषध, ते वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ ते ५ मिलिग्रॅम देतात. ६० किलोच्या माणसाला १८० ते ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या चार ते सहा बाटल्या रोज. साध्या अँफोटेरिसिनचा डोस किलोमागे साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. लायपोसोमलच्या हिशेबाने साधं औषध गेलं तर हृदय बंद पडू शकतं. चिठ्ठीवरचा पूर्ण शब्द, खोक्यावरचा पूर्ण शब्द, दोन्ही जुळवा. किती थंड ठेवायचं तेही खोक्यावर वाचा.

हे औषध ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच देतात, सलाइनमध्ये मिसळलं तर साका होतो. मूत्रपिंडाला त्रास देतं आणि पोटॅशियम खाली आणतं, म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वरचेवर तपासतात. देताना हुडहुडी भरून ताप येऊ शकतो. साध्या प्रकारात जास्त, लायपोसोमलमध्ये कमी.

१४. फ्लुकोनाझोल १५० ची गोळी तर मेडिकलमध्ये सहज मिळते. तीच घेतली तर?

रक्तातल्या कॅन्डिडासाठी हे औषध जिथे चालतं तिथे पहिल्या दिवशी ८०० आणि मग रोज ४०० मिलिग्रॅम देतात. योनिमार्गाच्या संसर्गासाठी असलेली १५० ची एक गोळी घेऊन फक्त कल्चर बिघडतं.

झडपवाल्यांनी तर अजिबातच नाही. यांत्रिक (मेकॅनिकल) झडपेसाठी रक्त पातळ करायचं वॉरफरिन किंवा अ‍ॅसिनोकुमेरॉल चालू असतं, आणि फ्लुकोनाझोल त्याचा परिणाम वाढवतं. आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. कातडीच्या खाजेसाठी कुणी फ्लुकोनाझोल लिहून दिलं तरी तिथेच सांगा, "मला झडप आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे." मधुमेहाच्या ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड या गोळ्यांबरोबर साखर एकदम खाली येऊ शकते.

१५. शस्त्रक्रिया झेपणारच नाही असं सांगितलं. मग उपकरण तसंच ठेवायचं?

कधी कधी ठेवावं लागतं. वय, हृदयाची ताकद, पूर्वीच्या दोन शस्त्रक्रिया, सगळ्याचा हिशेब असतो. अशा वेळी सुरुवातीचे काही आठवडे नसेतून जोरदार औषध आणि नंतर दीर्घकाळ, बहुधा उपकरण आहे तोवर, फ्लुकोनाझोलची रोजची गोळी. यात बुरशी दाबून ठेवलेली असते, गेलेली नसते. म्हणून "दोन वर्षं झाली, काही त्रास नाही, थांबवू का?" याचं उत्तर मनाने द्यायचं नाही. लिव्हरच्या तपासण्या आणि प्र. १४ मधली काळजी कायमची. जात फ्लुकोनाझोलला दाद देत नसेल तर पर्याय फारच थोडे उरतात.

१६. रिपोर्टवर "कॅन्डिडा ऑरिस" आहे आणि आजोबांना वेगळ्या खोलीत हलवलं. आम्हालाही लागेल का?

२००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात ही पहिल्यांदा ओळखली गेली, म्हणून ऑरिस, लॅटिनमध्ये कान. २०१३ मध्ये दिल्लीतल्या रुग्णांतल्या संसर्गांची नोंद प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, तिच्या सर्वात वरच्या गटातल्या चौघींत ही आहे. फ्लुकोनाझोलला ती बहुधा दाद देत नाही. पलंगाचे कठडे, बीपीचा पट्टा, थर्मामीटर यांवर ती कित्येक दिवस टिकते आणि काही नेहमीच्या फरशी पुसायच्या द्रावणांना पुरून उरते. क्लोरीनवालं द्रावण लागतं.

धडधाकट माणसाला तिच्यापासून आजार होणं फार दुर्मीळ. भेटायला जा, पण आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करा आणि तिथून थेट दुसऱ्या रुग्णाच्या पलंगावर जाऊन बसू नका. दुसऱ्या रुग्णालयात हलवताना तिथल्या लोकांना हा रिपोर्ट आधी सांगा. जुनी मशीन हिला कधी कधी "कॅन्डिडा हिम्युलोनाय" म्हणून ओळखतात, तसं नाव आलं तर खातरजमा करून मागा.

१७. सासूबाईंचं मोतिबिंदूचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. डोळा लाल आहे, नजर पुन्हा अंधुक झाली. लेन्सला बुरशी लागते?

लागू शकते. जिवाणूंचा संसर्ग बहुधा पहिल्या काही दिवसांतच धडकतो, बुरशीचा सावकाश, आठवड्यांनी. घात होतो तो स्टेरॉइडच्या थेंबांमुळे : थेंब घातले की लाली कमी होते, बंद केले की परत येते आणि घरात "थेंब वाढवू या" सुरू होतं. वाढवू नका. त्याच दिवशी दाखवा. डोळ्यातला नमुना काढून डोळ्यातच व्होरिकोनाझोल किंवा अँफोटेरिसिनचं इंजेक्शन देतात, कधी लेन्स काढावी लागते.

१८. फक्त नळीच्या टोकाच्या कल्चरमध्ये, किंवा थुंकीत कॅन्डिडा आली. रक्त निगेटिव्ह. उपचार?

नुसत्या टोकाच्या रिपोर्टवर सरसकट उपचार करत नाहीत. रुग्णाला ताप आहे का, रक्त पुन्हा पाठवलं का, हे बघतात. थुंकीतली कॅन्डिडा तर बहुतेक वेळा तोंडातलीच असते. फुप्फुसात कॅन्डिडाचा न्यूमोनिया होणं इतकं दुर्मीळ आहे की मी असा रिपोर्ट देताना खाली तशी टीप लिहिते.

१९. कॉपर-टी आहे. पॅप टेस्टमध्ये "अ‍ॅक्टिनोमायसिस" आलं, इंटरनेटवर बुरशी असं दिसतंय. काढू का?

नावातल्या "मायसिस"ने पूर्वी डॉक्टरांनाही फसवलं होतं. धागे काढते म्हणून तिला बुरशी समजत, पण ती जिवाणू आहे. बुरशीचं औषध तिच्यावर चालत नाही. ओटीपोटात दुखणं, ताप, घाण स्राव असं काही नसेल तर बहुधा औषधही लागत नाही आणि कॉपर-टीही काढावी लागत नाही. त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. आणि कॉपर-टी असताना साधा कॅन्डिडाचा पांढरा स्राव आणि खाज झाली, तर नेहमीचेच उपचार, कॉपर-टी जागेवर ठेवून. वारंवार होत असेल तर मात्र एकदा साखर तपासा.